भाऊबीजेच्या स्टिरिओबाबत सविस्तर तक्रार

मु. पो. माले, ता. मुळशी, जि. पुणे
गुरुवार, २७ नोव्हेंबर

आदरणीय दादासाहेब यांस,

शैलेशचा नमस्कार. पत्राच्या आरंभी ‘विनंती विशेष’ लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. या पत्रात तक्रार विशेष असून विनंती शेवटी आहे, हे प्रथमच नमूद करतो. आम्ही उभयता येथे शरीराने ठीक आहोत. माझ्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चांगली झाली. आपल्या गुडघ्यांचे वर्तमान वहिनींकडून कळले. इचलकरंजीत थंडी पडू लागली असेल, तेव्हा तेल चोळून वर गरम कापड बांधावे. आणि गुडघा वाकवताना आवाज येतो असे आपण म्हणता, तो नेमका किती वाकवल्यावर येतो हे वहीत टिपून ठेवावे (उपचार करणाऱ्यास त्याचा फार उपयोग होतो). एवढे क्षेमकुशल पुरे. मी आपल्यावर संतापलेलो आहे.

हे मी मोबाइलवर का कळवले नाही, असे आपण विचाराल. कळवले होते. गेल्या पंधरवड्यात मी आपणास चौदा संदेश पाठवले. त्यांपैकी नऊ सचित्र होते. आपण चौदाही संदेशांना एकेक अंगठा दाखवलात. चौदावा संदेश ‘मागील तेरा आपण वाचलेत काय?’ असा होता. त्यालाही अंगठा! तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे विद्युतशास्त्र शिकवताना मी झोपणारी मुले पाहिली, पळणारी पाहिली, उत्तरपत्रिकेत देवाचा धावा लिहिणारी पाहिली. परंतु प्रश्नाला अंगठा दाखवून उत्तीर्ण होऊ पाहणारा विद्यार्थी मला वयाच्या साठाव्या वर्षी आणि तोही सासुरवाडीत भेटावा, हे दुर्दैव होय. म्हणून हे पत्र. कागदाला अंगठा लावलात तर तो निदान पोचपावतीचा धरता येईल.

आता घटनाक्रम. भाऊबीजेला आपण शारदेला स्टिरिओ घातलात. ओवाळणीत भाऊ साडी घालतो, पाकीट घालतो, फार तर प्रेशर कुकर घालतो. आपण मोठ्या पडद्याचा स्टिरिओ, चार स्पीकर, डिकीत ठेवायचा पिंपाएवढा वूफर, तो वाजवण्यासाठी चालकाच्या आसनाखाली बसवायचा ॲम्प्लिफायर, आणि शिवाय डॅशबोर्डवर ठेवण्यासाठी अंबाबाईची मूर्ती व तिच्यापुढचा विजेचा छोटा दिवा एवढा ऐवज आणलात. तो ताटात मावला नाही. ताटच त्यावर ठेवून ओवाळावे लागले. मी त्याच वेळी म्हणालो होतो की गाडीत रेडिओ आहे आणि तो बातम्या सांगतो. आपण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालात, “ओ पावणं, शारदी आता एकटी गाडी चालवत्या, तिला गाणीबिणी नकोत व्हय?” भावाच्या ओवाळणीला नको म्हणणारा नवरा अद्याप जन्मलेला नसल्यामुळे मी गप्प बसलो. ही माझी चूक झाली. (या पत्रात माझी म्हणून नोंदवलेली ही एकमेव चूक आहे, याकडे लक्ष वेधतो.)

शारदा एकटी गाडी चालवते, हे मात्र आपण खरे बोललात. चौपन्नाव्या वर्षी शिकली. प्रथम मी शिकवत होतो, तेव्हा तीन महिन्यांत गाडी अंगणाबाहेर पडली नाही (क्लचचा सिद्धांत पूर्ण समजल्याखेरीज क्लचवर पाय ठेवू नये, असे माझे मत होते आणि आहे). मग ती पौडच्या शिकवणीवाल्याकडे गेली आणि अठरा दिवसांत परवान्यास पात्र झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार पौडला दुपारी बारापासून तिचा शिवणवर्ग असतो. मागील आसनावर हाताने चालवायचे शिलाई मशीन आणि कापडांची गाठोडी टाकून ती निघते, तेव्हा वळणापर्यंत मी ओट्यावरून पाहतो. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे असते, ते मी आमच्या लग्नातल्या फोटोतही पाहिलेले नाही. डोळ्यामुळे डॉक्टरांनी मला गाडी चालवणे वर्ज्य केले आहे. म्हणजे दिवाळीपासून गाडी सर्वस्वी तिची. आणि तिच्या गाडीत आपण हे यंत्र घुसवलेत.

शनिवारी, आठ तारखेला, पौडच्या इंद्रजितने हा संच बसवला. (इंद्रजित हा पन्नाशीचा गृहस्थ मोटारींच्या वायरिंगची कामे करतो. हात चांगला; सिद्धांत कच्चा.) रविवारी आपल्या आग्रहावरून एक गाणे वाजवले. आमचे घरमालक भिवाजी शेजारच्याच खणांत राहतात. त्यांच्या पत्नी सगुणाबाई यांच्या फळीवरचे पितळी डबे त्या एका गाण्यात चालत चालत कडेपर्यंत आले, आणि शेवटचा डबा पडला तेव्हा गाणे संपले असे आम्हांस कळले. सोमवारी सकाळी शारदा गाठोडे घेऊन गाडीत बसली, किल्ली फिरवली, आणि गाडीने केवळ ‘टक्’ असा आवाज केला. पुन्हा फिरवली. पुन्हा ‘टक्’. देवीपुढचा दिवाही विझलेला. मी तेथे उभा होतो. मी तिला एक साधा, तर्कशुद्ध प्रश्न विचारला. भिवाजींनी ट्रॅक्टर आणून त्याच्या बॅटरीवर गाडी सुरू करून दिली. बुधवारी पुन्हा तेच, पुन्हा ट्रॅक्टर; पण शारदा या वेळी गाडीत बसलीच नाही. देवघराच्या खुंटीला किल्ली अडकवून म्हणाली, “देवीचा दिवा दोनदा विझला. माझ्या हातात गाडी नकोय तिला.” आणि गाठोडे काखोटीला मारून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून आजतागायत सात वेळा ती एसटीने गेली आहे. मशीन नेता येत नाही. मुलींना हातशिलाई शिकवते. घरी माझ्याशी बोलते, परंतु केवळ भाजीविषयी.

दादासाहेब, आता मूळ विषय समजून घ्या. आपण कारखानदार आहात, अवघड जाणार नाही. समजा, संध्याकाळी आपण सर्व माग बंद केलेत, दिवे मालवलेत, कुलूप घातलेत. तरीही मीटर फिरतच आहे. याचा अर्थ आत कोठेतरी काहीतरी चालू राहिले आहे. गाडीचे तसेच. बंद गाडीतही घड्याळ वगैरे किरकोळ गोष्टींसाठी थोडी वीज जाते, सुमारे तीनशतांश अँपिअर. त्यास हरकत नसते. आमची गाडी मात्र बंद अवस्थेत सव्वा अँपिअर वीज पीत होती! बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची. भागाकार आपण करावा. (मी केला आहे: अठ्ठावीस तास. दीड दिवस गाडी उभी राहिली की खलास.) हा सव्वा अँपिअर मोजणे हीच मोठी साधना आहे. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडायची, तार आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडायचा, आणि अर्धा तास काहीही न करता थांबायचे, कारण आजकालच्या गाड्या चटकन झोपत नाहीत. या अर्ध्या तासात कोणी दार उघडले की गाडी पुन्हा जागी होते आणि सर्व प्रथमपासून. म्हणून मी दारे उघडीच ठेवली आणि दारांच्या कड्या पेचकसाने आत दाबल्या, जेणेकरून गाडीस दारे लागलेली आहेत असे वाटावे. गाडी फसली. भिवाजी फसले नाहीत. ते रोज भात झोडपायला जाताना विचारीत, “सर, आज तरी झोपली का?”

भिवाजींचा उपाय मला पहिल्याच दिवशी प्राप्त झाला होता. “तार काडून ठिवायची की रोज सांच्याला,” ते म्हणाले, “सकाळी लावायची. कोंबड्या झाकतो तसं. येवढं काय वही-पेन घिऊन बसायचं त्येला?” मी त्यांना शांतपणे, वीस मिनिटांत, समजावले की ताप उतरवणे म्हणजे रोग बरा करणे नव्हे, शिवाय तार काढली की देवीचा दिवाही विझणार. ते सर्व ऐकून घेऊन म्हणाले, “बरं. मग ट्रॅक्टर हितंच लावून ठिवतो.”

मी पद्धतशीर निघालो. गाडीत एकूण चौतीस फ्यूज. एकेक काढायचा, मीटर पाहायचा, वहीत नोंद, परत लावायचा. पहिला दिवस: हेडलाइट, हॉर्न, वायपर, फरक शून्य. दुसरा दिवस: काचा, पंखा, शून्य. (दुसऱ्या दिवशी मीटरचा स्वतःचा फ्यूज उडाला, त्यामुळे वाचन खरोखर शून्य आले आणि मी पाऊण तास विजयोत्सवात घालवला. तो कालावधी वहीतून वगळला आहे.) सहाव्या दिवशी, विसाव्या क्रमांकाचा फ्यूज ओढताच काटा सव्वा अँपिअरवरून तीनशतांशावर आला. मी फ्यूज उचलून त्यावरचे अक्षर वाचले. स्टिरिओ! दादासाहेब, त्या क्षणी आपण इचलकरंजीत होतात हे आपले भाग्य. मी बोनेटवर मूठ आपटली आणि भर अंगणात आपले नाव घेतले, संपूर्ण, वडिलांच्या नावासह. तोच ओट्यावरून शारदेचा आवाज आला, “दिवा विझला! लावा ते परत, काय काढलंत ते!” मी लावला. शास्त्र सिद्ध झाले होते, परंतु आरोपी फ्यूज निर्दोष सुटल्याप्रमाणे जागेवर जाऊन बसला होता, कारण त्याच्यावर देवीचा दिवा जळत होता. माझा संताप आपल्या लक्षात येईल. आपण दिलेल्या वस्तूने माझ्या पत्नीची गाडी खाल्ली, आणि आपणच दिलेल्या दुसऱ्या वस्तूच्या आडून ती खात होती!

स्टिरिओ बंद असताना एवढी वीज घेतो कसा, हे मात्र उमगेना. पडदा काळा, आवाज नाही. मी तीन दिवस स्टिरिओचे माहितीपत्रक वाचले. ते ज्या मराठीत लिहिले होते ती मी ओळखत नाही. (‘वायर जमिनीला खा’ हे वाक्य दोन ठिकाणी आहे.) अखेर ज्या व्यक्तीने निदान केले, तिचा उल्लेख करताना माझी लेखणी थरथरते. सगुणाबाईंची तांबडी कोंबडी तीन दिवस अंडी कोठे घालते ते सापडत नव्हते. रविवारी दुपारी त्या कोंबडीच्या मागावर माझ्या उघड्या दारांच्या गाडीपाशी आल्या, वाकल्या, आणि चालकाच्या आसनाखाली हात घातला. आतून प्रथम कोंबडी निघाली, मग तीन अंडी. मी काही बोलण्यापूर्वी त्यांनी पुन्हा हात आत घातला आणि म्हणाल्या, “अगं बया, हितं चुलीवाणी ऊब हाय की! म्हून बसती व्हय रांड! सर, ह्ये काय पेटवून ठिवलंय तुमी हितं?”

मी हात घातला. ॲम्प्लिफायर. गरम. गाडी बंद, स्टिरिओ बंद, आणि ॲम्प्लिफायर रात्रंदिवस जागा! एका कोंबडीस जे तीन दिवसांपूर्वी ठाऊक होते ते चौतीस फ्यूजांच्या नोंदवहीत नव्हते. “कोंबडीला कळलं,” सगुणाबाई अंडी ओच्यात घेत म्हणाल्या, “तुमाला न्हाई कळलं.” (तीनपैकी एक अंडे त्यांनी आम्हांस दिले. ते मी खाऊ शकलो नाही.)

पुढील उलगडा सोपा आहे. ॲम्प्लिफायर आपण होऊन जागा होत नाही. स्टिरिओ सुरू झाला की एका बारीक तारेतून त्यास ‘ऊठ’ असा इशारा जातो. स्टिरिओ बंद झाला की इशारा थांबतो आणि तो झोपतो. तपासणीअंती असे आढळले की देवीच्या दिव्याला अखंड वीज पुरवण्यासाठी नेमकी हीच तार वापरण्यात आली होती. म्हणजे दिवा जळत राहावा म्हणून तारेत सतत वीज. तारेत सतत वीज म्हणून ॲम्प्लिफायरला सतत ‘ऊठ’ ची आज्ञा. आणि तो बिचारा आज्ञाधारक, गाणे कधी येते याची वाट पाहत, पस्तीस अँपिअर-तास गिळत बसलेला. दिवा स्वतः किती घेतो? दोनशतांश! नुसता दिवा त्र्याहत्तर दिवस जळला असता. सोमवारी इंद्रजितला बोलावून दिव्यास स्वतंत्र तार दिली. तेव्हापासून चार दिवस दिवा अखंड आहे, ॲम्प्लिफायर थंड आहे, कोंबडीने जागा सोडली आहे, आणि मीटर पाचशतांश दाखवतो. भिवाजी रोज सकाळी खुंटीवरून किल्ली मागून घेऊन गाडी सुरू करून पाहतात, आणि किल्ली परत खुंटीला जाते. शारदा पाहते, आणि गाठोडे उचलून थांब्यावर जाते. गाडी दुरुस्त झाली असे मी तिला चार वेळा, एकदा आलेखासह, सांगितले. ती म्हणाली, “गाडी दुरुस्त झाली असेल.”

म्हणून आता विनंती, जी वस्तुतः मागणी आहे. ही तार तशी जोडा असे इंद्रजितला आपणच फोनवरून सांगितलेत, असे शारदेस स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून कळवावे. आपण त्या शनिवारी त्यास फोन केला होता हे निर्विवाद आहे. आवाज वाढवण्याविषयी केलात असे आपण म्हणाल, परंतु फोनवर माणूस अनेक गोष्टी बोलतो. चूक भावाची होती, देवीचा राग नव्हता आणि आपल्या हातात दोष नाही, एवढे तिला कळले की ती किल्ली घेईल. ज्याने ओवाळणी घातली त्याने तिची जबाबदारी घ्यावी, हा न्याय आहे.

वहिनींना नमस्कार सांगावा. गुडघ्यांची नोंदवही पाठवावी.

आपला (अद्याप संतप्त),
शैलेश

ता. क. वर ‘वापरण्यात आली होती’ असा कर्मणी प्रयोग केला आहे. पत्र पुन्हा वाचताना तो मला खटकला. एकतीस वर्षे मी विद्यार्थ्यांचे प्रयोगअहवाल याच कारणास्तव परत केले. सबब खुलासा. देवापुढचा दिवा विझू नये, असे सगुणाबाई म्हणाल्या, शारदेने ते भीतभीत मला विचारले, आणि दिव्याचा भार नगण्य असल्याचे गणित मांडून मी परवानगी दिली. इंद्रजित त्यासाठी वेगळी तार ओढणार होता. मी म्हणालो, ही निळी तार तयारच आहे. निळी म्हणजे एरिअलची, आपल्या गाडीला ते एरिअल नाही, हिच्यातूनच दे. तो म्हणाला, “सर, हिच्यावर पांढरी रेघ हाय. रेघवाली ॲम्प्लिफायरची आसती. सारखा चालू ऱ्हाईल त्यो.” शस्त्रक्रियेनंतरचा काळा चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. मी म्हणालो, ती रेघ नाही, धूळ आहे. आणि तारांच्या रंगसंकेतांचा इतिहास त्यास चाळीस मिनिटे सांगितला. त्याने शेवटी, “सर म्हणत्यात तर धूळ,” असे म्हणून जोड दिला. चष्मा उतरल्यावर मी ती तार पाहिली. रेघ आहे. तथापि स्टिरिओ आपणच दिलात, हा मुद्दा अबाधित राहतो.

दुसरा ता. क. त्या पहिल्या सोमवारी शारदेस मी विचारलेला ‘साधा, तर्कशुद्ध प्रश्न’ असा होता: “गाडी चालवणे वेगळे आणि सांभाळणे वेगळे, शारदा. रात्री दिवे कोण विझवणार होते?” भिवाजी, सगुणाबाई आणि भाताच्या कामाला आलेल्या चार बायका तेथे होत्या. दिवे तिने विझवले होते. हे मी आपणास सांगतो, तिला सांगणे मला जमलेले नाही. आरंभ केला की तो सिद्धांतापासून होतो. म्हणून आपण लिहावे. पत्र वाचून फाडून टाकावे.

तिसरा ता. क. उद्या सकाळी सातच्या एसटीने मी डोळे दाखवायला पुण्यास जात आहे. औषध घातलेल्या डोळ्यांनी पोस्टाची रांग होणार नाही, म्हणून पाकीट भिवाजींकडे देतो. ते अकरा वाजता पौडला तहसील कचेरीत जाणार आहेत. त्यांना रजिस्टरच करावयास सांगितले आहे. कृपया अंगठा पाठवू नये.

(पुढील मजकूर दुसऱ्या हस्ताक्षरात)

दादा,
भिवाजीभाऊंना आज भातातून उठता येईना. “ताई पौडला निघाल्याच हायेत, मी कशाला जाऊ,” म्हणून पाकीट माझ्याच हातात दिलं. डिंक ह्यांनी नेहमीसारखा कमीच लावला होता.

पांढऱ्या रेघेचं इंद्रजितभाऊंनी मला परवाच्या सोमवारी सांगितलं. दिव्याचा माझ्या मनातला धसका त्याच दिवशी गेला. पण खुंटीवरची किल्ली मी घेतली नाही. म्हटलं, बघू, किती आलेख काढले की ह्यांच्या तोंडून ‘चुकलं’ निघतं. बोलले नाहीत, लिहिलं तरी. तेही तुला. चालेल.

तू मला काही कबुली-बिबुली लिहू नकोस. स्टिरिओ छान आहे. माले ते पौड तीन गाणी होतात.

हे पोस्टाच्या दारात गाडीत बसून लिहिते आहे. गाडी मी मुद्दाम बंद केली, परत चालू केली, परत बंद केली. लागते. दिवाही आहे. मशीन मागच्या सीटवर आहे, मुली वाट बघत असतील.

आत्ता येताना हे पुण्याहून परत आलेले दिसले, काळा चष्मा लावून पौडच्या स्टँडवर मालेच्या एसटीची वाट बघत उभे होते. तिला अजून तासभर अवकाश होता. मी हॉर्न वाजवला नाही. फक्त आवाज वाढवला.

तुझी,
शारदा